मागच्या बाजूची व्यवस्था

आमच्या घरात कुणी कधी संडासला गेलं नाही, कुणाला कधी दिवस राहिले नाहीत आणि कुणाचं पोट कधी बिघडलं नाही. पोरं 'यू-नो-व्हेअर'ला जायची, बायका अचानक 'फॅमिली वे'मध्ये सापडायच्या आणि पोट बिघडलेला माणूस 'अंडर द वेदर' म्हणजे हवामानाच्या खाली कुठेतरी पडलेला असायचा. आई महिन्यातले चार दिवस 'इनडिस्पोज्ड' असायची. त्या दिवसांत ती कोपऱ्यात घोंगडीवर बसून तांदूळ निवडायची आणि हा शब्द जणू शेजारच्या कुणाबद्दल चाललाय अशा चेहऱ्यानं ऐकायची. ही सगळी भाषा आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, फोर्टातल्या एका गोऱ्या कंपनीतून घरी आणलेली. इतर कारकून कचेरीतून टाचण्या आणि पेन्सिली आणायचे. अण्णा प्रामाणिक होते, त्यांनी फक्त शब्द आणले. टाचण्या आणल्या असत्या तर निदान उपयोगी पडल्या असत्या.

त्यामागे एक इतिहास होता. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात अण्णा साहेबाला म्हणाले होते, "सर, युवर ट्राउझर इज टोर्न बिहाइंड." साहेबाची पँट मागून खरोखरच उसवलेली होती, आणि तो तसाच गव्हर्नरांच्या कुणा माणसाला भेटायला निघाला होता. म्हणजे अण्णांनी उपकारच केले. पण साहेब त्यानंतर तीन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही. (हा आकडा मी अण्णांच्याच तोंडून पाच आठवडे असाही ऐकलाय आणि एकदा तर दिवाळीपासून होळीपर्यंत असाही. वाढवून सांगण्याची खोड माझ्यात कुठून आली ते कळलं असेल.) मग हेडक्लार्कनं त्यांना कोपऱ्यात घेऊन समजावलं, की साहेबाला असं सांगत नाहीत. "सर, देअर इज अ स्लाइट समथिंग" एवढंच म्हणायचं आणि खाली बघायचं. पुढचं साहेब ओळखतो.

अण्णांनी हा धडा जन्मभरासाठी घेतला. मॅट्रिकची इंग्रजी वस्तूंची नावं शिकवते, असं ते आम्हांला जेवताना सांगत, पण अस्सल साहेबाच्या इंग्रजीत नावं नसतातच. साहेब नुसता हात पुढे करून 'द थिंगमी' म्हणतो आणि पट्टेवाला बरोबर दौत आणून ठेवतो. 'व्हॉट्सिटनेम कुठाय' म्हणतो आणि बरोबर तोच माणूस हजर होतो. केवढी नजाकत ही, असं म्हणून अण्णा भुरका मारत. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला त्या नजाकतीची शिसारी यायची, पण कारण सांगता यायचं नाही. आज येतं. ज्याच्या समोर दहा माणसं अंदाज बांधायला उभी असतात, त्यालाच ही भाषा परवडते. चूक झाली तर पट्टेवाला शिव्या खातो, साहेब नाही. आमच्यापुढे अंदाज बांधायला कुत्रंसुद्धा उभं नव्हतं, आणि आम्ही आपले 'थिंगमी' म्हणून हात पुढे करून बसलेले.

आम्ही कोपरीत राहायचो, चांगो पाटलांच्या चाळीत. पाटील तिथले मूळचे. घराण्याची भातशेती आणि खाडीकडेला मिठागरं होती, आणि फाळणीनंतर जागेला गिऱ्हाईक वाढलं तशी त्यांनी दहा बिऱ्हाडांची बैठी चाळ बांधलेली. भाडेकरू आम्ही सगळे कारकून, कुणी कोकणातले, कुणी देशावरचे. पुढे व्हरांडा, मागे परसू, परसात विहीर आणि विहिरीपासून वीसेक पावलांवर चार संडास, खाली एकच मोठा खड्डा. सकाळचा आवाज आजही माझ्या कानात आहे. रहाटाचं कण्हणं, पत्र्याच्या डब्यांची झटापट, सबनीसकाकांचं खाकरणं आणि त्यांच्या प्रायमस स्टोव्हचं त्याहून मोठ्यानं खाकरणं. सबनीसकाका रेल्वेच्या गुड्स हापिसात होते आणि अण्णांचे पट्टशिष्य. अण्णांनी रविवारी एखादा शब्द काढला की मंगळवारपर्यंत सबनीसकाकांच्या घरी तो भाजीत पडलेला असायचा.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला मागच्या बाजूला वास सुटला. वास सगळ्याच चाळींना असायचा, पण हा वास वेगळाच. धुक्याच्या दिवशी बाळकुमचे होडीवाले या वासावर नेम धरून किनाऱ्याला लागतात, असं मी शाळेत सांगितलं तर बाईंनीसुद्धा मान डोलावली. आमच्या परसातल्या पपईच्या झाडानं विहिरीकडची पानं गाळली आणि ते पाठ फिरवून उभं राहिलं. यात मी पानांपुरतं वाढवून सांगतेय, पुढचं मात्र जसंच्या तसं. उन्हाळा चढला तशी विहीर खाली गेली, आणि घागर वर यायची तेव्हा पाण्यावर बोटभर पिवळसर साय असायची. भाताला उकळी आली की वर करडा फेस जमायचा, आई तो पळीनं काढून टाकायची. वरण गार झालं की त्यावर चकाकणारा पापुद्रा धरायचा. आपण काय खातोय ते प्रत्येकाला जिभेवर कळत होतं, आणि सगळे एकमेकांकडे बघून म्हणायचे, "पाण्याला जरा हे आलंय, नाही?"

हे. एवढंच. कुणी म्हणायचं उन्हाळ्यामुळे हे आलंय, कुणी म्हणायचं खाडीमुळे. अण्णा म्हणायचे, "अ सर्टन समथिंग." आणि आईनं काय केलं, तर माठात वाळ्याची जुडी सोडली. वाळ्याचा वास भारी, पाणी प्यायला की क्षणभर देवघरात बसल्यासारखं वाटायचं, मग घशाखाली गेल्यावर दुसरं काहीतरी वर यायचं. नळ कोपऱ्यापलीकडे होता, तासभर रांग, दोन हंडे मिळाले तर नशीब. त्यात दहा बिऱ्हाडं भागायची नाहीत. तेव्हा वाळा.

अशा पाण्यावर ताई आली. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सासर कल्याणला. पहिलंच बाळंतपण, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून तिला माहेरी धाडलेली. घरात एकदम सण आल्यासारखं झालं. आईनं रेशनच्या तांदळातले खडे दोनदोनदा वेचले, कुठून कुठून साखर जमवून गूळपापडीऐवजी डिंकाचे लाडू वळले, रोज आमसुलाचं सार, कैरीचं पन्हं. ताईला तहान भयंकर. ती माठापाशीच पाट मांडून बसायची.

"अगं, माणूस पाणी पितं की उंट?" मी म्हणायची.

"दोघं पितोय आम्ही," ती म्हणायची आणि पुन्हा वाटी बुडवायची. "वाळा कसला गोड लागतो गं इथला. आमच्याकडे सासूबाई घालतच नाहीत."

हे तिचं वाक्य मी कुणालाच सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

आता पुरुषांनी ठरवलं, की मालकाला कळवायचं. रविवारी सकाळी व्हरांड्यात सतरंजी घातली, चहा झाला आणि मला बोलावण्यात आलं, कारण चाळीत माझं अक्षर सगळ्यांत देखणं. अर्ज इंग्रजीत करायचा हे आधीच ठरलेलं.

"पण पाटलांना इंग्रजी कुठे येतं?" मी विचारलं.

"येत नाही म्हणून काय पोस्टकार्डावर खरडायचं?" सबनीसकाका म्हणाले. "काही रीत आहे की नाही?"

खरी गोष्ट निराळी होती. मराठीत लिहायचं तर तो शब्द लिहावा लागला असता. इंग्रजीत ही सोय होती, तिथे शब्द न लिहिता पानभर लिहिता यायचं. दोन तास खल झाला. एकानं 'लॅट्रिन' सुचवलं तर बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं तो शब्द सतरंजीवरच केलाय. "उद्या हा कागद कुणा साहेबाच्या हाती पडला तर?" सबनीसकाकांनी विचारलं. पाटलांच्या घरी साहेब कशाला जाईल, मीठ चाटायला? पण मी गप्प बसले. शेवटी अण्णांनी डोळे मिटून सांगितलं आणि मी वळणदार अक्षरात उतरवलं, की मागच्या बाजूच्या व्यवस्थेची सध्याची 'स्टेट ऑफ थिंग्ज' समाधानकारक नाही, तरी मालकांनी कृपा करून 'द नीडफुल' करावं. दहा सह्या झाल्या. सबनीसकाका म्हणाले, "वाः. साहेबालाही वाटणार नाही की नेटिवानं लिहिलंय."

पाटलांकडे मिठागरावर मेहता नावाचे एक मुनीम होते. बाजारापुरती इंग्रजी त्यांना यायची. त्यांनी अर्ज वाचून पाटलांना सांगितलं, की चाळीच्या मागे काहीतरी ठीक नाही, काय ते लिहिलेलं नाही, आणि जे लागेल ते करा म्हणतात. पाटील माणूस दिलदार. त्यांनी स्वतः येऊन परसू पाहिलं, मागच्या दाराच्या पायऱ्या झिजलेल्या दिसल्या, दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवला. तीन दिवसांत आम्हांला अशा गुळगुळीत पायऱ्या मिळाल्या की संडासला जाणारा माणूस राजवाड्यातून उतरल्यासारखा उतरायचा. वास होता तसाच, आता फक्त पायऱ्यांवरून यायचा. आणि आमच्या सभ्य पुरुषांनी काय करावं? आभाराचा अर्ज लिहिला. 'युवर प्रॉम्प्ट अटेन्शन.' तोही माझ्याच अक्षरात.

महिना गेला. खड्ड्याच्या कडेला जमीन ओली दिसू लागली, संध्याकाळी तिथे पाय घसरायचा, बायका अंधार पडल्यावर जायला बघेनात. दुसरा अर्ज लिहायचं ठरलं. या खेपेला जरा कडक लिहू, असं अण्णा म्हणाले, आणि कडक म्हणजे त्यांनी पहिल्याहून जास्त शब्द घातले. परसात एक 'अनप्लेझंटनेस' आहे. तो दिवसेंदिवस वाढतोय. अंधार पडल्यावर स्त्रिया तिकडे जायला भितात. आणि हा प्रकार नेमका काय आहे, त्याचं नाव घेणं सभ्य माणसाला शक्य नाही.

मेहतांनी हे जसंच्या तसं पाटलांना सांगितलं. आता तुम्हीच विचार करा. मागच्या अंगणात विहिरीजवळ काहीतरी आहे, ते वाढतंय, अंधारात बायका भितात आणि त्याचं नाव घ्यायचं नाही. मिठागरावर आयुष्य काढलेल्या माणसानं यातून काय समजायचं? त्यांच्या गावात ज्याचं नाव घेत नाहीत अशी एकच गोष्ट होती, आणि ती विहिरीपाशीच राहते हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

अवस रविवारी पडली, आणि भर दुपारी पाटील भगत घेऊन आले. बरोबर दोन गडी, नारळ, लिंबं, गुलाल आणि बगलेत एक कोंबडा, जो चाळीतल्या कुठल्याही कारकुनापेक्षा रुबाबदार होता. आम्ही सगळे मागच्या दारांत उभे. भगतानं विहिरीभोवती सात फेरे घातले, गुलाल उधळला, घुमला. मग घागरभर पाणी वर काढलं, चूळ भरली आणि त्याचे डोळे एकदम पांढरे झाले. असा काही फवारा त्यानं तोंडातून सोडला, की तो पपईच्या शेंड्याला लागला. सगळ्यांनी हात जोडले. सबनीसकाकू म्हणाल्या, "अंगात आलं." अंगात काही आलं नव्हतं. दहा बिऱ्हाडांत त्या पाण्याची खरी चव चेहऱ्यावर दाखवणारा तो एकटाच निघाला, आणि आम्ही त्याला नमस्कार केला. मग कोंबड्याची मान गेली. रक्त नव्या पायऱ्यांवर उडालं, पिसं विहिरीत पडली आणि सबनीसकाका, ज्यांच्या घरात अंड्याला 'द व्हाइट ऑब्जेक्ट' म्हणत, ते उभ्याउभ्या भिंतीला टेकून खाली घसरले.

पाटील पंच्यानं हात पुसत अण्णांसमोर आले. उघडा माणूस, काळाभोर, छातीवर मिठाचे कण. "अन्ना, आता बरा वाटंल नं?"

अण्णांच्या समोर, हातभर अंतरावर, मालक उभा होता आणि स्वतः होऊन विचारत होता. वास सगळ्यांच्या नाकात होता. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते हलले, ओठ उघडले, आणि म्हणाले, "हो हो, म्हणजे तसं… फेअरली. व्हेरी काइंड ऑफ यू."

आणि मीही तिथेच उभी होते. मला काय धाड भरली होती? मला इंग्रजीची भुरळ नव्हती, साहेबाची भीती नव्हती. पण त्या घरात सोळा वर्षं वाढल्यावर तो शब्द माझ्याही तोंडात तयार नव्हता. पाटील कोंबडा घेऊन गेले.

चौथ्या दिवशी ताईला ताप भरला. आधी दुपारी यायचा, उतरायचा, मग उतरेना. डोकं ठणकायचं, जिभेवर पांढरा थर, पोट दुखायचं, आणि त्या पोटात सातवा संपून आठवा लागलेलं बाळ. डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं, मुदतीचा ताप म्हणाले. आणि लगेच विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"अवर ओन सोर्स," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे… आपलं घरचंच."

"स्वच्छ आहे?"

"फेअरली."

आई दाराआड होती. परक्या पुरुषासमोर ती कधी बोलायची नाही. ती आतूनच म्हणाली, "वाळा घालते मी त्यात."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, मग उठून माठापाशी गेले, वाळ्याची जुडी दोन बोटांनी बाहेर काढून खाली ठेवली आणि माठात नाक घातलं. जाताना एवढंच म्हणाले, "ती विहीर आज बंद करा. उद्या नाही, आज. दोघांपैकी एक जरी वाचलं तरी देवाला नारळ द्या." आणि आपली पेटी उचलून, पायऱ्या उतरल्यावर, रस्त्यावर थुंकले.

अण्णा टेबलापाशी जाऊन बसले. "सुमे, कागद घे." मी घेतला. "विथ रेफरन्स टु अवर प्रीव्हियस…" वाक्य सरळ चाललं होतं, रुळावरून. आत ताई कण्हत होती. मी 'रेफरन्स'पर्यंत लिहिलं आणि मला ओकारी आली. खरीखुरी. मी मागे धावले, नव्या पायऱ्यांवरच भडाभडा ओकले, पदरानं तोंड पुसलं आणि तशीच निघाले.

पाटलांचं घर खाडीकडे. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्हीकडे मिठाचे ढीग डोळ्यांत घुसत होते. ते ओसरीवर जेवायला बसलेले. पाटलीण वाढत होती, शेजारी पाचेक वर्षांची नात भात चिवडत होती. अशा वेळी असलं बोलणं घेऊन मी गेले.

"कोन, अन्नांची पोर? ये बाय. जेवतंस?"

"काका, ते मागे आहे ना… ते जे… त्याचं हे झालंय," मी म्हणाले. बघा, धावत धावत एवढी आले आणि तोंडातून निघालं काय, तर अण्णा.

"कंचा ते?" पाटील म्हणाले. "पायऱ्या मोरल्या का पुन्ना?"

"नाही."

"मंग भगतानी काय झायला नाय का?"

मी नातीकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि डोळे मिटून म्हणाले, "संडासाचा खड्डा फुटलाय, काका. त्यातलं विहिरीत येतंय. होळीपासून आम्ही गू पितोय. माझी ताई त्यानं मरतेय."

पाटलीणबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. पाटलांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात टाकला नाही, तोंडातही घातला नाही, तसाच हात धरून माझ्याकडे बघत बसले.

"होलीपासना?"

"हो."

"न तुमी मना विंग्रजी कागुद धारता?" ते ओरडले नाहीत. हलक्या आवाजात विचारलं, आणि ते जास्त वाईट होतं. "मी तुमचे दारांत दोनदा आयलो. अन्नांना इचारला. बोलाला काय झायला व्हता?"

ते ताटावरून तसेच उठले.

संध्याकाळच्या आत सहा गडी, पहारी आणि दोऱ्या घेऊन ते परसात हजर होते. खड्ड्याचं झाकण उचललं तेव्हा जो भपकारा आला तो मी वाढवून सांगू शकत नाही, माझ्यासारखीला इथे हात टेकावे लागतात. गडी मागे सरले. पाटलांनी धोतर खोचलं, नाकाला फडका बांधला आणि स्वतः दोरीनं आत उतरले, कमरेइतके. विहिरीच्या बाजूची भिंत त्यांनी पहारीनं चाचपली, आणि तिथे तडा कसला, आख्खे दोन दगड सरकलेले, हात जाईल एवढी वाट. ते वर बघून म्हणाले, "हितुन जातंय." दहा बिऱ्हाडांचे पुरुष, नुकतेच कचेरीतून आलेले, नाकाला रुमाल लावून वर उभे होते. सबनीसकाका अण्णांच्या कानात म्हणाले, "व्हॉट अ… व्हॉट्सिटनेम." मालक आमच्या दहा घरांच्या घाणीत कमरेपर्यंत उभा होता, आणि किळस मला त्या घाणीची आली नाही. रुमालांची आली.

ती किळस अजून गेलेली नाही. आता मी मुलाकडे बाळकुमला राहते, सतराव्या मजल्यावर. होडीवाले गेले, खाडी इमारतींच्या फटीतून दिसते. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला, की टँकरच्या पाण्यात 'मायनर इश्यू' आहे, सर्वांनी 'कोऑपरेट' करावं. मी खाली ऑफिसात गेले आणि विचारलं, इश्यू म्हणजे काय? त्या मुलानं मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरनं कॉम्प्युटरकडे. मी म्हणाले, "मेलेला उंदीर आहे, की गटाराचं पाणी आहे, एवढं सांगा, मी जाते." आजी जरा 'सेन्सिटिव्ह' आहेत, असं माझ्या सुनेला कळवण्यात आलं. उंदीरच निघाला, आणि तोही एकटा नव्हता.

त्या वेळी पाटलांनी विहीर उपसून घेतली, चुना टाकून बुजवली आणि महिनाभर स्वतःच्या विहिरीचं पाणी बैलगाडीनं पिंपं भरून पाठवलं. ताईचा ताप एकविसाव्या दिवशी उतरला. पण त्याच्या आधी, सोळाव्या दिवशी सकाळी, तिला कळा आल्या. सुईण आली, दार लागलं. मी बाहेर पाणी तापवत बसले होते. आतून ताईचं ओरडणं ऐकू आलं, मग ते थांबलं आणि दुसरं कुठलंच रडणं सुरू झालं नाही. सुईण बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आईच्या जुन्या लुगड्याचं गाठोडं होतं. ते केवढंसं होतं, ते मी सांगणार नाही.

ताई वाचेल असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी अण्णांनी मला कल्याणला पत्र लिहायला बसवलं. एवढे दिवस ताईच्या सासरी नुसतं 'प्रकृती थोडी नरम' असं कळवलेलं. आता खरं कळवायला हवं होतं, आणि कळवलं की काय होईल याची धास्ती घरात प्रत्येकाला होती. सुनेला माहेरी पाठवली ती धडधाकट. माहेरच्यांनी तिला घाण पाणी पाजलं, नातू घालवला. अशी सून परत नेतात की नाही, हे त्यांच्या हातात. आई स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहिली. सबनीसकाका व्हरांड्यातून सल्ला देऊन गेले, की 'अनफॉर्च्युनेट मिसहॅप' एवढं पुरे, तपशिलात शिरू नये, मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे.

अण्णा समोर बसले. मी वाट बघून शेवटी स्वतःच लिहायला लागले, मराठीत. ताईला मुदतीचा ताप आला. आमच्या विहिरीत संडासाचं पाणी येत होतं. ते आम्हांला होळीपासून कळत होतं. आम्ही कुणाला सांगितलं नाही. ताई वाचली, बाळ देवाघरी गेलं.

"वाच," अण्णा म्हणाले.

मी वाचलं. वाटलं, आता कागद हिसकून घेतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंस?"

"काय?"

"देवाघरी कुठे गेलं? मीच नेलं ना खाडीवर." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणायची विचारावं तसा. "मुलगा होता. मेलेला जन्मला. तसं लिही."

मी खोडलं आणि तसं लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि स्वतः जाऊन पत्र पेटीत टाकलं.

पाचव्या दिवशी, रविवारी, कल्याणहून आमचे मेव्हणे आले. एकटेच. हात-पाय धुतले नाहीत, पाण्याला शिवले नाहीत. आत जाऊन ताईपाशी घटकाभर बसले, बाहेर आले आणि अण्णांना म्हणाले, "मला ती जागा दाखवा."

अण्णा त्यांना मागच्या पायऱ्यांवरून घेऊन उतरले. मी दारात उभी राहून ऐकत होते. खड्डा कुठे होता, दगड कुठले सरकले, गू कुठून कुठे जात होता, फेस कसा यायचा, पाटील काय विचारायला आले आणि आपण काय उत्तर दिलं, हे सगळं अण्णांनी त्यांना बोटानं दाखवत, नावासकट, खणखणीत मराठीत सांगितलं. काहीही गाळलं नाही. दुपारच्या शांततेत ते दहाही बिऱ्हाडांना ऐकू जात होतं. मेव्हणे मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "आणि आता पाणी कुठलं आहे?"

"पाटलांच्या विहिरीचं. उकळून."

"मग मला पेलाभर द्या," मेव्हणे म्हणाले. "तिला पुढच्या महिन्यात घेऊन जातो."

मी पाणी आणायला वळले, तेव्हा सबनीसकाका आपली मागची खिडकी आतून लावून घेत होते.